तिसरं बटण

"वहिनी, या कामाला तुमच्याशिवाय कुणी चालणार नाही," घाटे सर म्हणाले आणि त्यांनी पत्र्याचा एक डबा माझ्या हातात दिला. डब्यावर तीन बटणं होती. लाल, पांढरं आणि काळं. मागून वायरींचा झुपका निघाला होता.

"मला त्यातलं काय कळतंय?" मी म्हटलं.

"म्हणूनच तर."

बाळासाहेब चौगुले हसले. सलीमभाई खाली बघत बसले होते. आमचे हे खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत होते आणि त्यांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं.

फेब्रुवारीतला रविवार होता तो, सकाळचे दहा वाजले असतील. या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी दर रविवारी ही चौघं जमायची आणि गाणी ऐकायची. गाणी म्हणजे खरं तर यंत्रं. एकच गाणं आधी या अँप्लिफायरवर, मग त्या अँप्लिफायरवर. मग वायर बदलायची आणि परत तेच. घाटे सर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. बाळासाहेबांची मार्केट यार्डात हळदीची अडत. सलीम मुजावर मिरजेचे. त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते स्वतःच्या हातानं अँप्लिफायर बनवायचे. आणि आमचे हे, शांतिनाथ मगदूम. साखर कारखान्याच्या टर्बाइन हाउसमध्ये एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर या छंदाला वाहून घेतलं.

मी दोनदा चहा द्यायची, एकदा उपीट. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवून मीही त्याच सुमाराला घरी बसले होते. मुलगा भूषण हैदराबादला. घरात आम्ही दोघंच. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपासून मी यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. बोलून उपयोग नव्हता. मी स्वयंपाकघरातून काही विचारावं आणि यांनी उत्तर देऊ नये. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून मी गच्चीवर जावं आणि परत येते तो डाळ करपलेली, हे शेजारच्या खोलीत रेकॉर्ड पुसताहेत. भांडणसुद्धा व्हायचं नाही. भांडायला समोरच्यानं ऐकावं तरी लागतं.

पण बाहेर यांच्या कानाचा मोठा बोलबाला होता. कोल्हापूर-इचलकरंजीहून लोक यायचे. "मगदूमांनी कान लावला की झालं," असं म्हणायचे. वर्षभरापूर्वी सलीमभाईंनी त्यांचा नवा अँप्लिफायर आमच्याकडं आणला. यांनी अर्धा तास ऐकला आणि म्हणाले, "गढूळ आहे. वरचे सूर धुक्यात गेल्यासारखे वाटतात." एवढंच. पण ते गावभर झालं. ज्या तिघांनी सलीमभाईंकडं मशीन सांगितलं होतं त्यांनी नको म्हणून कळवलं. सलीमभाई तरी रविवारी येत राहिले. जानेवारीत एके दिवशी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाले, "साहेब, माझं एक ऐकाल? एकदा न बघता ऐका."

हे म्हणाले, "बघून काय आणि न बघून काय? ऐकायचं कानानंच असतंय की."

घाटे सरांनी तिथंच ठरवून टाकलं.

परीक्षेची मांडणी त्यांचीच. यांचा इंग्लंडहून आणवलेला अँप्लिफायर आणि सलीमभाईंचा, दोन्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि मधल्या दाराला पडदा लावला. सरांनी मीटर धरून दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा केला. जरा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, म्हणाले. बाहेरच्या खोलीत फक्त दोन स्पीकर आणि एक खुर्ची. ऐकणाऱ्यानं एकट्यानं तिथं बसायचं, बाकीच्यांनी अंगणात. सर स्वतःही अंगणातच थांबणार होते.

"मला क्रम ठाऊक असला तर माझ्या तोंडावर दिसेल," ते म्हणाले.

पडद्याआड मी एकटी. प्रत्येकाच्या सोळा फेऱ्या. दर फेरीला मी नाणं उडवायचं. छापा आला तर लाल बटण, म्हणजे यांचं मशीन. काटा आला तर पांढरं, म्हणजे सलीमभाईंचं. एका बाईंनी म्हटलेल्या अभंगाचा चाळीस सेकंदांचा तुकडा सीडीवर लावायचा. मागे मृदंग आणि झांज होती. तुकडा संपला की ऐकणाऱ्यानं कागदावर एक किंवा दोन लिहायचं, एक म्हणजे यांचं मशीन, दोन म्हणजे सलीमभाईंचं, आणि काय जाणवलं ते चार शब्दांत. मग मी दाबलेलं बटण माझ्या कागदावर टिपून आतून पुढच्या फेरीचा आकडा सांगायचा.

"आणि काळं बटण?" मी विचारलं.

सरांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज खाली आणला. "हे बाकी कुणाला ठाऊक नाही. काळं दाबलं की स्पीकरमधले वरचे छोटे स्पीकर बंद होतात. बारीक आवाज सगळे जातात. झांज तर नाहीशीच होते. पाचव्या आणि बाराव्या फेरीला हे दाबायचं आणि तुमच्या कागदावर फुली मारायची. ऐकणारा जागा आहे की नुसतं लिहीत सुटलाय ते कळतं. कुणालाही कळेल असा फरक आहे, वहिनी. तुम्हालाही कळेल."

पहिले सलीमभाई बसले. मी आतून "पहिली" म्हटलं आणि नाणं उडवलं. पाचव्या फेरीला काळं बटण दाबलं आणि मलाच धक्का बसला. झांज गेली. बाईंचा आवाज कुणी तोंडावर पदर धरून गावं तसा झाला. पडद्याच्या फटीतून बघितलं तर सलीमभाईंनी डोळे उघडले होते आणि ते मान पुढं काढून स्पीकरकडं बघत होते. नंतर बाळासाहेब बसले. त्यांच्या पाचव्या फेरीला बाहेरून "अरेच्चा!" असा आवाज आला.

सगळ्यांत शेवटी हे आले. खुर्चीत बसले, पाय लांब केले, डोळे मिटले. घरात मी आणि हे, मध्ये एक पडदा.

"पहिली," मी म्हटलं.

काही नाही.

"पहिली!"

"सुरू कर की," हे म्हणाले. "झोपलीस काय तिकडं?"

मी ओठ आवळले. हे नेहमीचंच होतं. सीडी लावली. प्रत्येक फेरीला हेच झालं, मी आकडा सांगायची आणि मग हे म्हणायचे, "हं, पुढं." शेवटी मी आकडे सांगणं सोडून दिलं. गाणं सुरू झालं की यांना कळायचंच.

पाचव्या फेरीला काळं बटण दाबलं. झांज गेली. मी वाट बघितली. हे काही बोलले नाहीत. मला वाटलं बटण नीट लागलं नसेल, पण माझ्या कानाला तर फरक स्पष्ट होता. बाराव्या फेरीला मी बटण अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं आणि फटीला डोळा लावला. यांचे डोळे मिटलेले होते. मांडीवर बोटांनी ठेका चालला होता. चेहऱ्यावर हलकं हसू होतं. नवरा-बायको म्हणून चाळीस वर्षं झाली होती आम्हाला, पण हा माणूस एकटा असताना कसा दिसतो ते मी पहिल्यांदाच बघत होते. झांज नव्हती, आणि हे झांजेवर ठेका धरून हसत होते.

कागद गोळा करायचं काम माझंच होतं. यांचा कागद मी तिथंच वाचला. बाराव्या फेरीसमोर लिहिलं होतं : 'एक. स्वच्छ. झांज मोकळी, सुटी.'

टेबलाभोवती सगळे जमले. सरांनी माझा कागद आणि त्यांचे कागद शेजारी ठेवून बरोबर-चूकच्या खुणा करायला सुरुवात केली. पाचवी आणि बारावी सोडून चौदा फेऱ्या.

"सलीमभाई, चौदापैकी सात बरोबर. बाळासाहेब आठ. मगदूम सहा." सरांनी चष्मा काढला. "मंडळी, आपण तिघांच्या जागी नाणं उडवून लिहिलं असतं तरी हेच आलं असतं. दोन मशीनमधला फरक इथं कुणालाही ओळखता आलेला नाही."

सलीमभाई खुर्चीवर सरळ झाले. वर्षभरात त्यांना असं बसलेलं मी बघितलं नव्हतं. यांचा चेहरा मात्र उतरला होता.

"आता ज्या दोन फेऱ्या वेगळ्या होत्या त्या बघू," सर म्हणाले. त्यांनी काळ्या बटणाचं गुपित सांगितलं आणि सलीमभाईंचा कागद वाचला. "पाचवी : 'बारका स्पीकर बंद पडलाय, तपासा.' बारावी : 'परत बंद.' शाबास. बाळासाहेब : 'घोंगडं टाकल्यागत.' हेही बरोबर." मग त्यांनी यांचा कागद उचलला. त्यांचं बोट पाचव्या ओळीवर थांबलं. नंतर बाराव्या.

"सर," मी म्हटलं, "यांच्या वेळी काळं बटण दाबायचं राहून गेलं माझ्याकडनं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

माझ्या कागदावर पाच आणि बारासमोर फुल्या होत्या. मी त्यावर तळहात ठेवला होता. सरांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि यांचा कागद खाली ठेवला.

मी हे का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. यांच्यावरच्या मायेनं केलं म्हणावं तर त्या दिवसांत तेवढी माया माझ्याकडं शिल्लक नव्हती. चार माणसांत नवऱ्याची बाजू सावरायची हे हाताला लागलेलं वळण होतं, बस. पण पुढं काय होणार ते मला कळलं नाही.

"बटण विसरली म्हणजे?" यांचा आवाज एकदम चढला. "मग बाकीचं तरी कशावरून बरोबर? लालच्या जागी पांढरं दाबलं असेल. ही परीक्षा धरता यायची नाही, घाटे."

"तेही खरंच म्हणा," बाळासाहेब म्हणाले. ते नेहमीच यांच्या बाजूचे.

"मग परत घेऊ की, साहेब," सलीमभाई म्हणाले. "आत्ता घेऊ. मी बसतो बटणावर, नाहीतर सर बसतील."

"परत कशाला? मला जे ऐकू येतं ते येतं. तुझं मशीन गढूळच आहे, सलीम. मी आजही तेच म्हणणार."

सलीमभाई उठले, आपल्या मशीनच्या वायरी एक एक करून सोडवल्या, ते जुन्या चादरीत गुंडाळलं आणि स्कूटरवर पुढं ठेवून बांधलं. जाताना फक्त मला म्हणाले, "चहा छान झाला होता, वहिनी."

दुपारी यांनी जेवण अर्धवट टाकलं. सलीमभाईंचा तो चादरीतला गठ्ठा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. एका माणसाला वर्षभरानं मिळालेला न्याय मी एका वाक्यात परत काढून घेतला होता.

हे बाहेरच्या खोलीत पाठमोरे उभे राहून सीड्या कपाटात लावत होते. मी दारात गेले.

"मी बटण दाबलं होतं," मी म्हटलं.

यांनी वळून बघितलं नाही.

"अहो, ऐकलंत का? मी विसरले नव्हते. दाबलं होतं."

सीडी पुसली. कपाटात ठेवली. दुसरी घेतली.

मी माघारी वळले. पुढं काही बोलायचं नाही, आत जायचं, पातेली घासायची. दोन वर्षं मी अशीच माघारी वळत होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. सकाळी फटीतून बघितलेला तो हसरा चेहरा डोळ्यांसमोर आला. ज्याला झांज ऐकू येत नाही, त्याला कुकरची शिट्टी कशी ऐकू यावी? आणि माझा आवाज? तो तर पहिल्यापासून बारीक. शाळा तपासायला आलेले साहेब एकदा म्हणाले होते, "बाई, तुमचं मागच्या बाकापर्यंत पोचत नाही हो." भूषणचा फोन आला की हे रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे, "तूच बोल" म्हणायचे. मला वाटायचं, मुलाशीही बोलायचं नाही यांना.

मी परत गेले. या वेळी दारात थांबले नाही. खोली ओलांडून यांच्या आणि कपाटाच्या मध्ये जाऊन उभी राहिले, तोंडासमोर.

"मी बटण दाबलं होतं."

"काय?" हे म्हणाले. "कुठलं बटण?"

यांना ऐकू गेलं होतं.

"काळं बटण. पाचव्या आणि बाराव्या फेरीला. सकाळी मी खोटं बोलले. झांज बंद होती तेव्हा."

"झांज होती. मी लिहिलंय."

"नव्हती."

"काहीतरी बोलू नको. माझे कान आहेत ते."

मी हात धरून यांना टेबलाशी नेलं. सरांचा डबा अजून तिथंच होता. सीडी लावली आणि यांच्या डोळ्यांसमोर काळं बटण दाबलं.

"हां," हे लगेच म्हणाले. "गेली की झांज. मला काय कळत नाही होय?"

बटण सोडलं. "आली," हे म्हणाले. पुन्हा दाबलं. "गेली." यांचा आवाज ठाम होता. एक क्षण मलाच वाटलं की आपलं काहीतरी चुकलं.

मग हे माझ्या अंगठ्याकडं बघत राहिले. काय आलं मनात कुणास ठाऊक. आपणहून वळले, माझ्याकडं पाठ केली आणि डोळ्यांवर दोन्ही हात ठेवले.

"आता दाब," म्हणाले. "सांगू नको."

मी दाबलं नाही. "गेली," हे म्हणाले. मी दाबलं. हे काही बोलले नाहीत. सोडलं. "आता गेली... नाही, आली." मी पुन्हा दाबलं आणि दाबूनच धरलं. तुकडा संपला, परत सुरू झाला, परत संपला. झांजेविना तो अभंग चार वेळा वाजला आणि हे हात डोळ्यांवर ठेवून उभे होते.

"आता?" यांनी विचारलं.

मी पुढं जाऊन यांचे हात खाली घेतले. "कधीपासून दाबलेलंच आहे," मी सांगितलं.

हे खुर्चीवर बसले नाहीत. तिथंच, टेबलाशेजारी जमिनीवर बसले. मीही बसले.

"भूषण काय बोलतो ते कळत नाही फोनवर," हे म्हणाले. "वर्ष-दीड वर्ष झालं. लाइन खराब आहे असं धरून चाललो होतो मी. आणि तू हल्ली पुटपुटतेस असं वाटायचं. मुद्दाम." थोड्या वेळानं म्हणाले, "पण गाणं येत होतं गं. झांज येत होती मला. खरंच येत होती."

"आठवणीतनं येत असेल."

यांनी मान हलवली. मग एकदम म्हणाले, "सलीमच्या मशीनला वरचे सूर नव्हते, असं म्हणालो होतो मी." थांबले. "असतील."

सोमवारी सकाळी आम्ही एसटीनं मिरजेला गेलो. आधी सलीमभाईंचं दुकान. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. सलीमभाई हातात सोल्डरिंगची काडी घेऊन एका रेडिओवर वाकले होते. आम्हाला बघून उठले, पण "या" म्हणाले नाहीत.

मीच आधी बोलले. "सलीमभाई, काल मी खोटं बोलले. बटणं सगळी बरोबर दाबली होती. परीक्षा खरी होती."

ते माझ्याकडं बघत राहिले. असू द्या वहिनी, वगैरे काही म्हणाले नाहीत. का म्हणावं?

मग हे बोलले, गिऱ्हाइकांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात. "सलीम, तुझं मशीन गढूळ नव्हतं. माझे कान गेलेत. बारीक आवाज येतच नाही मला. वर्षभरापूर्वीही येत नसणार. मी जे सांगत फिरलो ते खोटं होतं."

सलीमभाईंनी काडी स्टँडवर ठेवली. स्टुलावर बसले. "साहेब," ते म्हणाले, "चार वेळा उघडून बघितलं मी ते मशीन. चार वेळा. प्रत्येक पार्ट बदलला. मला चांगलं ऐकू यायचं आणि वाटायचं, तुम्ही म्हणताय म्हणजे माझ्याच कानात काहीतरी खोट असणार. दुसरं मशीन करायला घेतलं नाही मी वर्षभर."

हे उभेच होते. "मी सगळ्यांना सांगतो," म्हणाले. "ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या घरी जाऊन सांगतो. फोन नको, फोनवर मला कळत नाही. जाऊन सांगतो."

"आधी डॉक्टरकडं जा," सलीमभाई म्हणाले. मग पोऱ्याला न पाठवता स्वतःच पलीकडच्या टपरीवर गेले आणि तीन चहा घेऊन आले.

कानाच्या डॉक्टरांनी यांना एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. काचेबाहेरून मी बघत होते. डॉक्टर मशीनवर बटण फिरवत होते आणि यांचा हात कितीतरी वेळ मांडीवरच होता. कागदावर एक रेघ आली, निम्म्यापर्यंत सरळ आणि मग कडा तुटल्यासारखी खाली. "कुठं नोकरी होती?" डॉक्टरांनी विचारलं. टर्बाइन हाउस म्हटल्यावर म्हणाले, "त्या आवाजानंच गेलेत कान." कानाला यंत्र लावून बोलणं बरंचसं कळेल, म्हणाले. गाण्याचं काही सांगता येणार नाही.

हे पुढं सात वर्षं होते. रविवारी मंडळी येत राहिली, पण निकाल द्यायचं काम यांनी सोडून दिलं. कुणी नवीन मशीन आणलं की पडदा लावायचा, मी आत बसायची, आणि हे अंगणात बसून कागद वाटायचे. आता जाऊनही त्यांना बरीच वर्षं झाली. घर पुन्हा तसंच शांत आहे. पण त्या आधीच्या दोन वर्षांतली शांतता याहून वाईट होती. तेव्हा माणूस घरात होता.

मला सांगायचं आहे ते त्या सोमवारच्या दुपारचं.

मिरजेहून परत आलो. मी चहा टाकला. हे स्वयंपाकघरात आले, स्टूल ओढलं आणि माझं तोंड दिसेल असे ओट्याशी बसले. असं आधी कधी बसलेले मला आठवत नव्हतं.

"दोन वर्षं तू बोलत होतीस," हे म्हणाले. "काय काय बोललीस?"

"ते काय लक्षात राहतंय?" मी म्हटलं. "दूध आलं नाही, गॅस संपला. तसलंच."

"आणखी?"

मी गॅस बारीक केला. बरंच काही मी खरोखर विसरले होते. एक मात्र विसरले नव्हते.

"अक्का गेली तेव्हा," मी म्हटलं. तासगावची माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच. आई लहानपणी गेल्यावर तिनंच माझ्या वेण्या घातल्या, तिनंच शाळेत नेऊन बसवलं. "दिवस करून मी तासगावहून परत आले. संध्याकाळची वेळ होती. तुम्ही बाहेर कपाटाशी उभे होता. मी पिशवी हातात घेऊन तशीच दारात उभी राहिले आणि बोलले. तुम्ही वळला नाहीत."

त्यानंतर मी यांच्याशी कामाव्यतिरिक्त बोललेच नव्हते. हे मात्र मी सांगितलं नाही.

यांनी भुवया गोळा केल्या. "ती संध्याकाळ आठवते मला," हे सावकाश म्हणाले. "कपाटाच्या काचेत दिसलीस तू. पिशवी हातात होती. मला वाटलं, आत्ता काहीतरी बोलेल. मी वळलो नाही, म्हटलं रडत असेल, बघितलं तर बोलायची राहील. थांबलो होतो मी. तू काही बोललीच नाहीस. मग काचेत बघितलं तर गेली होतीस. म्हटलं, हिला एकटं राहायचंय."

चहा उतू आला. मी गॅस बंद केला, पण कपात ओतायला हात उचलेना.

"काय म्हणाली होतीस?"

मी यांच्याकडं तोंड केलं. वर्गात मागच्या बाकासाठी बोलायचे तसा आवाज काढला. "म्हणाले होते, आता मला 'रत्ने' म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही."

या वेळी एकही शब्द वाया गेला नाही, ते यांच्या तोंडावर दिसलं. यांनी हात लांब करून माझं मनगट धरलं. मग अक्काबद्दल विचारायला लागले. शेवटी शेवटी काय खायची, माणसं ओळखत होती का, माझं नाव काढलं का तिनं. दोन वर्षांपूर्वी विचारायचं ते सगळं. मी सांगायला लागले आणि थांबताच येईना, शब्दांवर शब्द यायला लागले, आवाज पुन्हा बारीक झाला.

यांनी हात वर केला.

"जरा सावकाश," हे म्हणाले. "आणि इकडं बघून बोल. मला सगळं ऐकायचंय."